पाणबुड्याला पाणबुडी

जेवताना मेहुण्याने बटाट्यांच्या भांड्याकडे डावा हात पुढे केला आणि माझ्या बायकोने चमचा खाली ठेवला.

"उजव्या हाताला काय झालंय?"

"कुठे काय? काही नाही."

"वर करून दाखव."

त्याने हात वर करायला सुरुवात केली. हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथेच अडला. समोर सासूबाई बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त बटाट्यांचं भांडं उचलून त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. सासूबाई गप्प बसल्या की घरात काहीतरी गंभीर चाललंय असं समजायचं, हे लग्नानंतर मी लवकरच शिकलो होतो.

मेहुणा धंद्याने पाणबुडा आहे. धरणाच्या दारात काय अडकलंय, पुलाच्या खांबाला पाण्याखाली तडा गेलाय का, हे तो खाली जाऊन बघतो आणि जमलं तर दुरुस्तही करतो. खाली जाणं सोपं, वर येणं अवघड, असं त्याचं म्हणणं. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतला की वायू रक्तात मुरतो, आणि माणूस घाईने वर आला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. म्हणून दोराला लटकत, टप्प्याटप्प्याने, थंडीत कुडकुडत वर यायचं. मागच्या खेपेला थंडी असह्य झाली, तो थोडा लवकर वर आला, आणि एक बुडबुडा खांद्यात मुक्कामाला राहिला.

"आता बंद कर हे," बायको म्हणाली.

"एक काम घेतलंय. डोंगरातलं धरण आहे. तळाच्या दारात झाडाचं खोड अडकलंय. साठ मीटर पाणी. पावसाळ्याआधी दार उघडलं नाही तर खालच्या गावांना धोका आहे, आणि दुसरं कुणी जायला तयार नाही. मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर सगळी सोय असते, पण जहाज डोंगरावर कसं नेणार?"

इथे मी तोंड उघडलं. माझा हेतू फक्त एवढाच होता की जेवण पुढे सरकावं.

"म्हणजे तुला एक टाकी हवी," मी म्हणालो. "तीत बसून खाली जायचं. आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याएवढा केला की तळाचं झाकण उघडलं तरी पाणी आत येत नाही. तू बाहेर पडायचं, काम करायचं, परत आत येऊन झाकण लावायचं. टाकी वर आली तरी आत दाब तसाच. मग कोरड्या अंगाने बसून हळूहळू उतरवत राहायचा. त्यात काय एवढं!"

ते 'त्यात काय एवढं' मला पुढे वर्षभर ऐकून घ्यावं लागलं.

मी टाक्यांचा डिझायनर आहे. दुधाच्या, तेलाच्या, आम्लाच्या, वाफेच्या टाक्या मी आयुष्यभर काढत आलोय. टाकीत काय भरायचं ते गिऱ्हाईक सांगतं. माणूस भरायची ऑर्डर तोवर आली नव्हती.

"मग करा ना," बायको म्हणाली.

मेहुण्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जन्मात पहिल्यांदा मी कुणालातरी हुशार वाटतोय असं मला वाटलं. माणसाचा घात होतो तो अशाच नजरांनी.

चूक माझ्या लगेच लक्षात आली. टाकी चालवणार कोण? पाणबुड्याबरोबर चालवणारा त्याच खोलीत बसला तर त्याच्याही रक्तात वायू मुरणार. म्हणजे खोल्या दोन हव्यात: पुढे चालवणाऱ्याची, साध्या हवेची, मागे पाणबुड्याची, दाबाची. खाली गेल्यावर पुढची खोली पाणी बाहेरून चेपणार, आणि वर आल्यावर मागची खोली हवा आतून फुगवणार. शेजारी शेजारी दोन खोल्या, दोघींचे स्वभाव उलट, मधे एक जाड काच. याला टाकी म्हणत नाहीत. याला पाणबुडी म्हणतात.

"त्याच्यासाठी बायको बघा म्हणून मी तुम्हाला दोन वर्षं सांगतेय, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही पाणबुड्याला पाणबुडी आणताय."

मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं, बादलीत पाणी भरलं, ग्लासाच्या तळाशी कागदाचा बोळा दाबला आणि ग्लास उपडा धरून पाण्यात बुडवला. बाहेर काढून बोळा दाखवला. कोरडा ठणठणीत.

"बघा आई. खालून उघडा आहे, तरी पाणी आत गेलं नाही. हवा जाऊ देत नाही."

त्यांनी बोळा चाचपून पाहिला. मग ग्लास माझ्या हातातून घेतला, पुन्हा बुडवला आणि जरासा तिरका केला. एक मोठा बुडबुडा भकदिशी वर आला. कागदाचा लगदा झाला.

"आणि वाकडा झाला तर?"

"वाकडा होऊ द्यायचा नाही," मी म्हणालो.

त्यांनी लगदा माझ्या तळहातावर ठेवला आणि त्या बाहेर निघून गेल्या.

आमच्या कारखान्याच्या मागच्या आवारात एक जाड पत्र्याची टाकी गवतात पडून होती. गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केलेली. मालक म्हणाले, "घेऊन जा, पण कारखान्याचं नाव कुठे येता कामा नये." माझ्या डिझाइनवर त्यांचा किती विश्वास होता ते यावरून कळावं. मधली भिंत, झाकणं, काचा आणि नळ्या आमच्या वेल्डरने बसवल्या. पण आवारात नवा माल यायचा होता, म्हणून टाकी हलवावी लागली, आणि दुसरीकडे जागा नसल्याने ती आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधे, माझ्या नावाच्या जागेत आली. मला गाडी नाही. म्हणजे गाडी आहे, पण ती बायको चालवते आणि रस्त्यावर लावते. ती ड्रायव्हिंग स्कूलमधे शिकवते. घाबरलेल्या माणसाशेजारी शांत बसणं हाच तिचा व्यवसाय. मला तिने एकदा शिकवायला घेतलं होतं. दोन आठवड्यांनंतर आम्ही एकमेकांशी बोलेनासे झालो तेव्हा तो उपक्रम बंद केला.

टाकी उतरली त्याच संध्याकाळी बिल्डिंगचे सेक्रेटरी आले. टाकीभोवती त्यांनी हात मागे बांधून दोन फेऱ्या मारल्या.

"ही काय?"

"पाणबुडी."

"पार्किंग वाहनांसाठी आहे."

"हे वाहनच आहे."

"नंबर प्लेट?"

"अजून नाही."

"मग अजून वाहन नाही," सेक्रेटरी म्हणाले. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण त्यांचं म्हणणं नेहमी बरोबर असतं.

मग येता-जाता सगळ्यांचे सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, खिडक्या मोठ्या ठेवा, कोंदट वाटतं. मी सांगितलं की काच जेवढी मोठी तेवढा तिच्यावर भार जास्त. ते म्हणाले, निदान एक तरी उघडता येईल अशी ठेवा. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, बाथरूमची सोय काय? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शेवटपर्यंत मिळालं नाही. डबल शिफ्ट करणाऱ्या नर्सने मात्र फार चांगलं विचारलं: मागे बसलेला माणूस बेशुद्ध पडला तर पुढच्याला तिथे जाता येईल का? जाता येणार नव्हतं. त्या रात्री मी मधल्या भिंतीचं डिझाइन फाडलं आणि वेल्डरला पार्किंगमधे बोलावून तिच्यात काचेशेजारी लहान दार बसवून घेतलं. दोन्हीकडे दाब सारखा केल्याशिवाय ते उघडणार नव्हतं, पण दार होतं.

त्याच सुमारास बिल्डिंगला पाणी कमी येत होतं. मला कुणी काही बोललं नाही. मी एक दिवस कारखान्यातून आलो, बॅटरी घेऊन पार्किंगमधे गेलो, पुढच्या खोलीचं झाकण उघडलं आणि आत डोकावलो. माझाच चेहरा माझ्याकडे बघत होता. पाणी काठोकाठ. मागच्या खोलीतही तेच. खालच्या व्हॉल्व्हला एक नवाकोरा पाइप जोडलेला होता आणि तो भिंतीवरून थेट पंपापर्यंत गेला होता.

आमच्या पाणबुडीत पाणी शिरलं ते असं, पार्किंगमधे.

मी तसाच सेक्रेटरींच्या दारात गेलो. आवाज चढवणार होतो, पण त्यांनी आधीच खुर्ची पुढे केली.

"तुम्ही नव्हता म्हणून मीटिंगमधे ठराव केला. तीन दिवस झाले. टाकी झकास आहे हो! एक थेंब गळत नाही. आमची गच्चीवरची नेहमी गळते."

तीन दिवस काठोकाठ पाणी, वरून पंपाचा दाब, आणि एक थेंब गळला नव्हता. गळतीची चाचणी कशी करायची या विवंचनेत मी महिनाभर झोपलो नव्हतो. मी सेक्रेटरींचे आभार मानले. ते खूश झाले, आणि तेव्हापासून पाणबुडी आपल्यामुळेच होतेय असा त्यांचा समज झाला. तो अजून आहे.

मग नोंदणी. धरणखात्याने सांगितलं, पाण्यात काहीही उतरवायचं तर त्याची नोंद हवी. मी बोटींच्या कचेरीत गेलो. खिडकीपाशी एक सभ्य कारकून बसले होते. मला अशी माणसं आवडतात. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"बोट पाण्यावर असते," ते म्हणाले. "तुमची पाण्याखाली जाणार. पाण्याखाली गेलेल्या बोटी वरच्या मजल्यावर."

वरच्या मजल्यावर एक बाई होत्या. त्यांच्यामागे फायलींनी भरलेली कपाटं. त्यांनी सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं.

"बसा. पाणी देऊ? कधी बुडाली?"

"अजून बुडाली नाही."

"मग?"

"पुढच्या महिन्यात बुडवणार आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज हळू केला. "हे बघा, विम्यासाठी करत असाल तर मला सांगू नका."

मी समजावून सांगितलं. बुडणार, पण परत वर येणार. मुद्दाम बुडणार. पुन्हा पुन्हा बुडणार. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आमच्याकडे आलेली बोट पुन्हा वर आली तर तिचं नाव आम्ही काढून टाकतो आणि ती खाली जाते. म्हणजे खालच्या मजल्यावर. तुमचं रोज वर-खाली. मी रोज जिना चढउतार करू का?"

त्यांचंही चुकत नव्हतं. शेवटी त्यांनीच वाट काढली. पाणबुड्याबरोबर जे सामान असतं, हातोडी, करवत, नळ्या, त्याची नोंद लागत नाही. तेव्हा पाणबुडी हे पाणबुड्याचं सामान. मी धरणखात्याला तसं कळवलं आणि त्यांनी परवानगी दिली, 'एक पाणबुडा व सामान' अशी. सामानाचं वजन दोन टनांच्या वर होतं, पण तो मुद्दा कुणी काढला नाही. मीही काढला नाही.

पहिली चाचणी गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत ठरली. तिथे जेमतेम दहा मीटर पाणी साचलेलं होतं. चालवणार मी. मला पोहता येत नाही आणि गाडी चालवता येत नाही, पण मेहुणा म्हणाला, "भाऊजी, ज्याने बनवली त्याने आत बसायचं. मगच मी बसणार."

काठावर बायको, सासूबाई, दुर्बीण घेऊन सेक्रेटरी आणि क्रेनवाला. मी पुढच्या खोलीत, गुडघे हनुवटीला. मागे मेहुणा. झाकणं लागली, क्रेनने आम्हाला पाण्यावर ठेवलं, मी बाजूच्या वजनाच्या टाक्यांत पाणी भरलं आणि आम्ही बुडालो. अगदी हिशोबाप्रमाणे. काचेबाहेर हिरवट अंधार. तळापासून हातभर वर मी तिला असं थांबवलं की ती ना वर जाईना ना खाली. वजन आणि तरंगणं काटोकाट जुळलं होतं. मी माझी पाण्याची बाटलीसुद्धा हिशोबात धरली होती. छाती भरून आली. आपण उगाच दुधाच्या टाक्यांत आयुष्य घालवलं असं वाटलं.

मागच्या खोलीत मी हवा सोडली. दाब सारखा झाला. मेहुण्याने मधल्या काचेतून अंगठा दाखवला, तळाचं झाकण उघडलं. पाणी झाकणाच्या कडेशी येऊन आज्ञाधारक मुलासारखं थांबलं. मी इतका हरखलो की एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. मेहुण्याने पाय पाण्यात सोडले आणि तो खाली सरकून दिसेनासा झाला.

आणि पाणबुडी वर निघाली.

आधी मला वाटलं, पाणीच खाली चाललंय. मग हिरवं फिकट झालं, पांढरं झालं, आणि आम्ही, म्हणजे मी एकटाच, भरउन्हात भसकन बाहेर आलो, एकदा आडवे झालो, पुन्हा सरळ झालो आणि डुलत राहिलो.

मेहुणा जाडजूड आहे. त्यात पाठीवरच्या नळकांड्या. शंभर किलोंच्या वरचा ऐवज मी हिशोबात पक्का धरला होता. तो बाहेर पडला की पाणबुडी तेवढीच हलकी होणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाणबुड्याला बाहेर सोडता यावं म्हणून जी वस्तू बनवली, तिचं पूर्ण डिझाइन तो आत बसून राहील असं धरून केलं होतं.

मी झाकण उघडून डोकं बाहेर काढलं. काठावर चार माणसं एका रांगेत उभी होती.

"तो कुठे आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"खाली."

"खाली कुठे?"

"मी होतो तिथे."

"डिझाइनमधेच असं आहे का?" सेक्रेटरींनी दुर्बिणीतून बघत विचारलं. मी त्यांच्यापासून वीस पावलांवर होतो.

मी "हो" म्हणालो. मग "नाही" म्हणालो. बायकोची नजर पाण्यावर होती आणि तिने चपला काढून ठेवल्या होत्या. त्या चपला मी अजून विसरलेलो नाही.

मग दूरवर बुडबुडे आले आणि मेहुण्याचं डोकं वर आलं. त्याने तोंडातली नळी काढली.

"भाऊजी," तो ओरडला, "निघताना सांगून तरी जायचं!"

सगळे हसले. मीही हसलो. क्रेनने पाणबुडी बाहेर काढेपर्यंत सगळे हसत होते. नंतर मेहुणा टॉवेल गुंडाळून माझ्याशेजारी दगडावर बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "इथे मी पोहत वर आलो. धरणात येता आलं नसतं."

माझ्या हातातला चहा गार होत गेला.

"मी हे बंद करतो," मी म्हणालो.

"बंद कशाला करताय? माझं वजन धरा."

पुढचं काम तसं साधं होतं. पाणबुडीत आणखी एक छोटी टाकी बसवली. पाणबुडा बाहेर जाऊ लागला की त्याच्या वजनाएवढं पाणी तीत घ्यायचं, तो परत आला की तेवढंच काढून टाकायचं. अट एकच: त्याचं वजन बदलता कामा नये. म्हणून तो रोज आमच्याकडे येऊन वजनकाट्यावर उभा राहायला लागला. इतकी वर्षं त्याला आग्रह करून वाढणाऱ्या सासूबाई आता त्याच्या ताटावरून भांडं पुढे न्यायला लागल्या. "जावईबापूंनी सांगितलंय," एवढंच म्हणायच्या. मेहुणा माझ्याकडे बघायचा. मी ताटाकडे बघायचो.

धरणावर कोण चालवणार हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. एका सकाळी बायको पार्किंगमधे जाऊन पुढच्या खोलीत बसली, तिने खुर्चीवर घरची उशी ठेवली आणि सगळे लीव्हर हाताखालून घातले.

"मी चालवते."

"अगं, पण..."

"मी त्याला खाली सोडून वर यायची नाही."

मी कबूल झालो. सासूबाईंना दोन्ही मुलं खाली जाणार हे कसं सांगायचं यावर मी दोन दिवस वाक्यं जुळवत होतो. मी तोंड उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिने मला विचारलं. मीच जा म्हटलं." माझ्या प्रतिष्ठेचं जे काही उरलं होतं ते तिथे संपलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

धरणाच्या काठावर टेलिफोनचं यंत्र माझ्याकडे होतं. एक जाड वायर पाण्यात जात होती आणि यंत्राला स्पीकर होता. सेक्रेटरी सोबत आले होते; त्यांनी सासूबाईंसाठी घडीची खुर्ची आणली होती. पाणबुडी गेली. पाणी मिटलं. बायकोचा आवाज येत राहिला, शिकाऊ ड्रायव्हरला सांगते तसा सावकाश: वीस मीटर. चाळीस. अंधार आहे. तळ दिसतोय. दार दिसतंय. थांबले.

मग स्पीकरमधून भलताच आवाज आला. पातळ, चिरका, एखाद्या खेळण्यातून यावा तसा.

"भाऊजी, ऐकू येतंय ना?"

सासूबाई खुर्चीतून उठल्या. "हे कोण?"

"तुमचाच मुलगा, आई. एवढ्या खोल साधी हवा चालत नाही, डोक्यात चढते. म्हणून हेलियम मिसळलेली हवा असते. तिने आवाज असा होतो. बाकी काही नाही."

त्या सावकाश बसल्या. खुर्ची मात्र त्यांनी यंत्राजवळ ओढून घेतली.

"झाकण उघडतोय," चिरका आवाज म्हणाला. "निघालो."

बायकोने छोट्या टाकीत पाणी घ्यायचा तोच क्षण. स्पीकरमधे नुसती खरखर. सेक्रेटरींनी माझी बाही धरली.

"थांबली आहे," बायको म्हणाली. "हललीसुद्धा नाही."

मला पुढचं थोडा वेळ नीट दिसलं नाही. सेक्रेटरी म्हणतात मी रडलो. मी म्हणतो धरणावर वारा होता.

त्याने खोड करवतीने दोन ठिकाणी कापलं, दोर बांधला, क्रेनने ते ओढून काढलं. तो परत आत आला, झाकण लागलं, आणि पाणबुडी अलगद वर आली. आम्ही तिला काठाशी ओढून घेतलं. तिच्यात दोघंही होती. बायको झाकण उघडून बाहेर आली, माझ्या हाताला धरून खडकावर उतरली आणि मागच्या खोलीच्या व्हॉल्व्हपाशी बसली. मेहुण्याला मात्र दुपारभर आतच राहायचं होतं, दाब थेंबाथेंबाने उतरवत. पत्र्याच्या पलीकडे हातभरावर तो बसला होता, आणि त्याला हात लावता येत नव्हता.

सासूबाईंनी टेलिफोन हातात घेतला.

"थंडी वाजते का?"

"नाही, आई." आवाज तसाच पातळ.

"असाच होता," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "शाळेत जायच्या आधी. हुबेहूब."

"आई, मला सगळं ऐकू येतंय," स्पीकर म्हणाला.

"येऊ दे. हात दुखतो का?"

"थोडासा."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"मोठ्या माणसाला काय विचारायचं?" सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी टेलिफोन दोन्ही हातांनी धरला. "खाली भीती वाटते का रे?"

सेक्रेटरी उठून पलीकडे गेले आणि पाठ करून पाण्याकडे बघत उभे राहिले. बायको व्हॉल्व्हवरचा हात हलवत नव्हती.

"वाटते," तो बारीक आवाज म्हणाला. "दरवेळी वाटते. आज ताई काचेतून दिसत होती, म्हणून कमी वाटली."

सासूबाईंनी मान हलवली, जणू तो त्यांना बघू शकत होता. मग त्या त्याच्याशी बोलतच राहिल्या. काय काय विचारत होत्या: जेवलास का नीट, झोप लागते का, रागावतोस का माझ्यावर. आणि तो एकेका गोष्टीचं उत्तर देत होता. हा माणूस आमच्या टेबलावर "कुठे काय, काही नाही" याच्यापलीकडे कधी गेला नव्हता.

दुपार कलली तशी मी बायकोला खूण केली. दाब पुरेसा उतरला होता, आता आत साधी हवा सोडायची होती. तिने व्हॉल्व्ह फिरवला. हवा बदलत गेली आणि आवाजही. आधी किंचित जाड झाला, मग फुटल्यासारखा घोगरा, मिसरूड फुटताना होतो तसा. सासूबाई बोलता बोलता थांबल्या आणि नुसत्या ऐकत राहिल्या. थोड्या वेळाने स्पीकरमधून पुरुषी, जाडाभरडा, नेहमीचा आवाज आला.

"आई, पुरे आता. फोन भाऊजींना दे."

सासूबाईंनी टेलिफोन माझ्या हातात दिला आणि पदर सावरत त्या उठल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या. "झाला मोठा."